एक एल कमी

बॅरी गावात आम्ही तीन पिढ्या ग्रॅनाइटवर नावं कोरतो.
पैसे अक्षरांचे. मधल्या मोकळ्या जागेचे नाहीत.
हे हेस्टर गुडनाऊला मुद्दाम सांगितलं,
कारण तिला वाटलं, मी एका एलसाठी भाव करतोय.

तिनं काउंटरवर बुटांचा खोका उपडा केला.
ऑरिन बर्फ ढकलण्याचा ट्रक चालवायचा, बत्तीस हिवाळे.
पहाटे तीनला निघताना चिठ्ठी खरडायचा,
बिलांच्या पाठीवर, सिरपच्या लेबलावर,
एकदा पावाच्या पिशवीवर:
रस्ता वाईट. सहापर्यंत थ्रू. मी ऑलराइट.
थ्रू चार अक्षरांत,
उरलेली तीन कुठल्याशा वळणावर टाकून दिलेली.
आणि ऑलराइट एकच शब्द, एकच एल,
मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

"हेच कोरा," ती म्हणाली. "मी ऑलराइट. बाकी तारखा."

मी म्हणालो, बाई, हे दोन शब्द आहेत.
दोन एल, मग फट, मग राइट.
कागद फाडता येतो, दगड नाही.
आमच्या मागच्या दाराची पायरी बघा,
पालथी घातलेली. तिच्या पोटात फेब्रुवारी आहे,
बापानं एक आर गाळलेला, सन अठ्ठावन्न.
आठवडाभर तो जेवताना बोलला नव्हता.
त्या पायरीवर पाय पुसत मी शुद्धलेखन शिकलो.

ती ऐकत होती. हातमोजे काढले नव्हते.
"बत्तीस वर्षं मी ते एका दमात वाचलं.
तुम्ही मधे फट पाडलीत
तर त्या फटीत मला काय काय दिसेल, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.
ऑर्डरवहीत लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली,
सही घेतल्याची जरा लाज वाटली.

संध्याकाळी लुचेत्तानं, माझ्या मुलीनं, नवा शब्दकोश उघडला.
"बाबा, घेतलाय की त्यांनी. रूढ म्हणून.
खाली बारीक टीप आहे:
काहीजण अजूनही आक्षेप घेतात."
त्या काहीजणांना मी ओळखतो.
दाढी करताना रोज भेटतात.

कोरताना हात थांबलाच. सवय.
छिन्नी दुसऱ्या एलच्या जागी जाऊन उभी राहिली,
तशीच परत आणली.

दगड एप्रिलअखेर बसवला, जमीन त्याआधी ऐकत नाही.
मेमध्ये मिस ट्रास्क, निवृत्त शिक्षिका,
मागच्या दारानं येऊन सांगून गेल्या
की गुडनाऊच्या दगडावर चूक आहे.
म्हटलं, चूक नाही, ऑरिनचं अक्षर आहे.
त्या उतरल्या, फेब्रुवारीवर पाय देऊन.

मी दार लावायला गेलो.
दारावर पाटी, बापानंच रंगवलेली, रंग उडालेला:
नाइट डिलिव्हरी इथे.
नाइट. एन, आय, टी, ई.
इतकी वर्षं त्याच दारातून ये-जा केली मी.