नाव घालणं

रबाळ्याच्या लॅबमध्ये आज दिवस बेचाळिसावा.
काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशींना
थेंबाथेंबाने वळण लावलं आम्ही.
आता त्यांना धागे फुटलेत,
एकमेकींना चाचपतायत.
डोपामिन करतात, परवाच्या चाचणीत दिसलं.
डिशवर मी मार्करने तारीख घातली.

जांभळी नाक्यावर बाबा भांड्यांवर नावं घालायचे.
मशीन थरथरायचं, हात नाही.
'चि. सौ. कां. मंदाकिनी हिस मामाकडून.'
मशीन माळ्यावर गेलं,
थरथर तेवढी खाली राहिली.

रात्री विचारतात, झाल्या का गं तुझ्या पेशी मोठ्या?
झाल्या. पण उंदरांसाठी आहेत, बाबा.
हसतात. वाटी कलंडते,
वरण ओघळतं त्यांनीच कोरलेल्या अक्षरांवरून.
एक वेलांटी हललेली नाही.