दमणचं पाकीट

चिखलीला बसमधून उतरलो तेव्हा दाबोळीवर
कुठलंसं विमान उतरत होतं,
माडांच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून.
रस्त्यावर कुणी मान वर केली नाही.
मीही नाही. मी घराचा नंबर शोधत होतो.

मला विमानांचं काही नाही.
आयुष्यात दोनदा बसलो, दोन्हीदा मधल्या सीटवर.
मला लागतात पाकिटं:
एखादं विमान एखाद्या गावाला पहिल्यांदा निघालं
त्या दिवशीची.
समोर निघाल्याचा शिक्का, पाठीवर पोचल्याचा.
पाठ कोरी असेल तर पाकीट उडालं
हे फक्त त्याचंच म्हणणं.

कुस्तोद मिनेझिस टपालाच्या थैल्या वाहायचा,
पोर्तुगीज अमलात,
त्या छोट्या कंपनीच्या पहिल्यावहिल्या फेऱ्यांच्या काळात.
दर नव्या मार्गाला एक पाकीट टाकायचा, स्वतःच्याच नावाने:
दीव, कराची, एकदा तर थेट लिस्बन.
नाव जाऊन परत यायचं.
तो धावपट्टीच्या कडेला, खांद्यावर रिकामी थैली.

एर्मेलिंदबाईंनी बिस्किटांचा डबा उघडला.
आत लवंगा, कसर लागू नये म्हणून;
कराचीला लवंगांचा वास, लिस्बनलाही.
मी चिमट्याने एकेक उचलत गेलो.
दोन तांग्यांचं तिकीट, दातेरी कड शाबूत.
जांभळा शिक्का जरा तिरका,
घाईत मारलेला, म्हणजे अस्सल.
मी चेहरा कोरा ठेवला. भाव ठरेपर्यंत ठेवावा लागतो.

'आणि दमण?' मी विचारलं.
'त्याशिवाय संच पुरा होत नाही.'

'आसा,' त्या म्हणाल्या. 'पूण तें विकपाचें न्हय.'
मग आत जाऊन प्रार्थनेच्या पुस्तकातून काढून आणलं.

त्यावर कुस्तोदचं नाव नव्हतं.
मेनिना एर्मेलिंदा कुलासो,
खाली दमणमधल्या एका शाळेचा पत्ता.
समोर शिक्का. पाठीवर शिक्का.
आणि झाप बंद. इतक्या वर्षांत डिंकाला
नखसुद्धा लागलेलं नाही.

'फोडलंच नाहीत?'

माझ्यासाठी त्या मराठीत आल्या, पायरी उतरल्यासारख्या.
'आधी राग आला. दोनदा भेटलेला माणूस,
एवढं काय लिहायचं असेल त्याला?
मग म्हटलं, राहू दे. आत काहीतरी लागतं हाताला.
फोडीन सावकाश.
तेवढ्यात तो स्वतःच आला, बोटीने.
तीन दिवस उलट्या करत.'

'नंतर कधी विचारलं नाहीत?'

'विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं ना.'

त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.
चिमटा नको म्हणाल्या.
मी अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं.
आता हे आम्हा लोकांना शेंबड्या वयापासून ठाऊक असतं:
पाकीट मुडपू नये, शिक्का नीट उठावा,
म्हणून आत एक कोरं कार्ड सरकवतात.
सगळेच सरकवतात.
तेवढंच जाड होतं. तेवढंच ताठ.

'आहे ना आत काहीतरी?'

वर पुन्हा एक विमान आलं,
खिडकीच्या शिंपल्यांच्या काचा थरथरल्या,
ते जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

'आहे,' मी म्हणालो.

बाकीच्यांचा भाव केला नाही.
त्या म्हणाल्या तेवढे मोजले,
आणि बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसलो,
आत कुणी झोपलंय अशी.

रात्री लिस्बनचं पाकीट दिव्यासमोर धरलं.
कोरं कार्ड.
कराचीचं धरलं. कोरं.
दीवचं राहू दिलंय.