पाचातले तीन

आधी चप्पल बघायची, असं सर म्हणतात.
उजवीचं टोक घासून पातळ, डावी जवळजवळ कोरी.
पाय उचलला जात नाही, ओढला जातो.
हे अजून लिहिलं नाही मी.

एकनाथ वडके, वय एकसष्ट,
तांबट आळीतून ससूनला रिक्षाने.
"फडके हौदापाशी चप्पल गळाली.
मागनं एक पोरगं घेऊन आलं धावत, तेव्हा कळलं."

पायजमा गुडघ्यावर सरकवते.
पोटऱ्या टेपने मोजते, दोन्ही सारख्या.
घोट्यांच्या आतल्या बाजूला काळे घट्टे.
हंडा इथेच धरायचे, दोन पायांत,
आणि ठोकायचे. बेचाळीस वर्षं.

"सैल सोडा काका. हा पाय माझाच आहे असं समजा."
"तुमचा असता तर बरं झालं असतं."
गुडघ्याखाली हात घालून झटक्यात वर घेते:
टाच गादी सोडून येते,
अख्खा पाय फळीसारखा.

आता उचला. मी दाबते, तुम्ही दाबू द्यायचं नाही.
डावा माझा हात परतवून लावतो.
उजवा उठतो, थरथरतो, टिकतो,
आणि माझ्या दोन बोटांखाली
मुकाट खाली जातो.
स्वतःचं वजन पेलतो, दुसऱ्याचं नाही.
याला आम्ही तीन म्हणतो.
"पाचातले तीन? म्हणजे पास की!"

मग हातोडी.
पहिला ठोका चुकतो. ते माझं मनगट बघत असतात.
"ताई, आवळू नका. सोडा तिला.
ती पडते आपल्या वजनानं,
आपण फक्त आड यायचं नाही."
हातात घेऊन तोलून बघतात.
"रबराची. आवाज नाही हिला."

त्यांच्यासारखी सोडते.
उजवा पाय असा उसळतो
की काकू खुर्चीतून उठतातच:
"बघा! आहे की जोर! उगाच घाबरवलं आम्हाला."

काकू,
हा जोर नाही.
वरून कुणी आवरणारं उरलं नाही, म्हणून तो उसळला.
हे मी म्हणत नाही.
खिशातली किल्ली काढते, स्कूटरची,
तळव्याच्या कडेने टाचेपासून वर नेते.
अंगठा सावकाश छताकडे वळतो,
पाळण्यातल्या बाळाचा वळतो तसा.

"मान खाली घालून काम करायचात?"
"तांबं वाकायच्या आधी मान वाकते, ताई."
मानेच्या एमआरआयचा कागद भरते.
पलंगाच्या लोखंडी दांड्यावर त्यांचं बोट
ठोके देत बसतं, समेवर, एकही न चुकता.

"दारापर्यंत चालून दाखवा."
सात पावलं. टाइल्सवर पंजा घासल्याचा आवाज.
चौथ्या पावलाला उजवी चप्पल मागे राहते
आणि ते पुढे जातात, अनवाणी,
काकूंना काहीतरी सांगत, हसत.

मी वाकून उचलते.
"अहो, अहो, डॉक्टर! चपलेला काय हात लावता!"
दाराला धरून ते उभे,
एकदा माझ्या हाताकडे बघतात,
एकदा खाली,
पायाकडे.