अंगठी काढून ठेवायची

कौनासच्या जुन्या बाजारात, रविवारी,
गंजके पाने आणि बंद पडलेली सोव्हिएत घड्याळं
यांच्या मधोमध मला तो सापडला.
पेनाएवढा. हिरवा. सात युरो.
लेबलावर पाच मिलिवॉट.
लेबलाचं काय, ते काहीही म्हणतं.

त्या रात्री नेमुनासवरच्या धुक्यात बटण दाबलं
तर माझ्या मुठीतून एक रेघ निघाली
ती थेट पलीकडच्या काठाला.
एकवीस वर्षं मी ट्रॉलीबसच्या तारा ओढतोय,
इतकी ताठ तार
माझ्या हातून कधी ओढली गेली नव्हती.

मग गेलो रिमगौदसकडे.
लेसरच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस,
म्हटलं आरसे दाखवील, डायोड दाखवील.
त्यानं आधी मांजर बाहेर काढलं.
"रूकसला चष्मा नाही," म्हणाला,
आणि गॅरेजला आतून कडी.

मग माझं घड्याळ. मग पट्ट्याचं बक्कल.
मग अंगठी, जी निघेना,
तर साबण दिला.
"चमकतं ते सगळं आरसाच असतं, बाबा."

किरण बाकाच्या उंचीवर, डोळे त्याच्या वर.
स्क्रू खाली पडला?
आधी बंद कर, मग वाक.
आणि किरण जिथे संपणार
तिथे दाढीच्या जुन्या पात्यांचा गठ्ठा,
धारा पुढे करून आवळलेला.
बाजूनं चकाकतं पोलाद,
समोरून मात्र काजळ.
प्रकाश त्या फटींत शिरतो
आणि परतायची वाट विसरतो.
"इतकी वर्षं दाढी केली
ती काय ल्युत्सियासाठी?"

माझं पेन त्यानं मीटरसमोर धरलं.
पाच नव्हे. बेचाळीस.
आणि त्या बेचाळिसाच्या आडून आणखी काही,
हिरव्याच्या पोटातलं, न दिसणारं,
ज्याला अडवणारी काच
सात युरोत कुणी बसवत नाही.

"पण डोळा मिटतोच ना आपोआप?"
"दिसलं तर मिटतो."

फेब्रुवारी चौऱ्याऐंशी.
पाच मिनिटांचं काम, चष्मा खुंटीवर.
"दुखलं?"
"डोळ्याच्या पडद्याला दुखणं माहीतच नाही.
टक् झालं फक्त, कवटीच्या आत,
अक्रोड फुटावा तसं.
मी हातातलं काम पुरं केलं.
चहाच्या सुट्टीत कळलं
की कपाला मधोमध भोक आहे."

दारावर तीन टकटका.
त्यानं सगळं बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली,
मग म्हणाला, ये.
ल्युत्सिया चहा घेऊन आत आली
आणि त्याच्या समोर नाही,
जराशी तिरपी उभी राहिली.

मला कायम वाटायचं
हा बायकोशी बोलताना नजर चुकवतो.
डावा डोळा तसा, उजव्यात आता मोतीबिंदू.
सरळ पाहिलं तर तिच्या चेहऱ्याच्या जागी
एक राखाडी नाणं.
म्हणून तो तिच्या कानाकडे बघतो
आणि चेहरा कडेनं हळूच आत येतो.
ती एकाच कानात घालते,
अंबरचा मोठा थेंब.
नटायला नाही.
त्याला नेम धरायला.

चष्म्याचे शहाण्णव युरो पडले.
दुकानातला पोरगा विचारत होता, इतकं काय कापताय?
काही कापत नव्हतो.

अंगठी त्याच्याकडेच राहिली,
त्याच जुन्या खुंटीवर.
घरी रमुनेनं रिकामं बोट पाहिलं, भुवई उचलली.
मी सांगणार होतो, सगळं,
साबण, मांजर, पाती.
पण दिव्याखाली ती उभी होती
आणि मी तिच्याकडे बघत राहिलो,
सरळ, मधोमध,
नाकाशेजारचा तो बारका तीळ,
भुवईत अडकलेला पिठाचा कण.

"काय झालं?" तिनं विचारलं.
"काही नाही," म्हणालो.
"हलू नकोस जरा."