तरणी विहीर

मे महिन्यात भुसावळला, चर्चच्या ऑफिसात,
पंखा फिरतो तो गरम हवा सारखी वाटून देण्यापुरता.
फादर डाबऱ्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं :
सिल्वेस्टर, तू पार्सल ऑफिसात होतास ना,
हरवलेलं शोधायची सवय तुलाच.

मेलबर्नहून मॉरीनबाईंचं पत्र.
आईच्या आजोबांचा थोरला भाऊ, डॅनियल टियर्नी,
जन्म आयर्लंड, बटाटे जमिनीतच कुजले त्या सालचा.
पुढे एक भाऊ ऑस्ट्रेलियाच्या जहाजात चढला,
एक मुंबईच्या.
रेल्वेत ड्रायव्हर होता म्हणतात.
त्यांच्या गावच्या चर्चचं पुस्तक ओलीनं चिकटून
वीट झालंय. तुमच्याकडे काही आहे का?

आमच्याकडे ऊन आहे, बाई.
आमची पानं चिकटत नाहीत, चुरतात.
कपाट उघडलं तर वाळवीनं आधीच वाचून ठेवलेलं,
लॅटिन येत असावं तिला,
पाच वर्षांचे बाप्तिस्मे तर तिला तोंडपाठ.

नऊ दिवस बसलो. गमछा ओला करून मानेवर.
पाद्री बदलला की आडनाव बदलायचं :
टायर्नी, टिरनी, एका जर्मनाच्या कानाला टर्नी.
अठराशे एकोणऐंशी, नोव्हेंबर.
वर डॅनियल, वय बत्तीस, इंजिन ड्रायव्हर.
वधू मारिया. बाप्तिस्मा आदल्या दिवशी.
वडील : अज्ञात. गाव : भोक.
साक्षीला कुणा मुकादमाचा अंगठा,
अजून काळाभोर.

मग मुलं. मार्गारेट. पॅट्रिक. पुन्हा पॅट्रिक.
पहिला कुठं गेला ते
दुसऱ्यावरूनच कळतं.

आणि छप्पन्याच्या दुष्काळात, जूनमध्ये,
दीड ओळ : डॅनियल टर्नी, पटकी, त्याच दिवशी पुरला.
दुष्काळातून निघालेला माणूस
एवढा समुद्र ओलांडून
दुष्काळातच पोचला.

लोको शेडमागे एक विहीर आहे, तरणी विहीर.
लहानपणी आम्हांला तिकडे जाऊ देत नसत.
त्या संध्याकाळी गेलो. कठड्यावर पारोळ्याकडचा
एक म्हातारा परीट बसलेला.
म्हणाला, "तरणी पोर पडनी व्हती आठे,
बठ्ठासले माहीत शे."
कोणाची पोर? ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी घरी येताना जिभेवर घोळवत राहिलो.
टर्नीसाहेबाची विहीर.
वापरून वापरून साहेब गळाला असेल,
मागे नुसती तरणी उरली,
आणि तिच्यात बुडवायला
लोकांना एक पोरगी लागली.
असंही असेल. नसेलही.
त्यानं विहीर खणली असं कुठल्याच पानावर नाही.

मारियाबद्दल बाईंनी विचारलेलं नाही.
त्यांना तरी कुठून ठाऊक असणार?
पण बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी तिला
कोणीतरी काहीतरी हाक मारत असणारच,
मोठ्यानं, ज्वारीच्या पलीकडून,
आणि ती ओ देत असणार.
माझ्या पणज्याच्या नोंदीतही
बापाच्या जागी तोच शब्द आहे : अज्ञात.
अज्ञात कसला? म्हशीवर बसून
बाजाराला जायचा तो, यावलला.
आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.
फक्त नाव कोणाला आठवत नाही.

स्टेशनसमोर झेरॉक्स काढल्या, सात पानं.
वाळवीची भोकं काळी उमटली.
बाईंना वाटेल शाई सांडली.
विहिरीचं काही लिहिलं नाही. पाकीट चिकटवलं.
पोस्टाच्या रांगेत तिसऱ्या नंबरावर होतो,
तिथून परत फिरलो,
पाकीट फोडलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं :
इथे एक विहीर आहे. पाणी आहे.
नाव कशावरून, ते नक्की सांगता येत नाही.