मोजणी

कुपवाडच्या हळद गोदामात, जेवणाच्या सुट्टीत
डमी पोत्यांवरून फरशीवर उतरवली.
मऊ जागी छाती दबत नाही, बाई म्हणाल्या.

मुल्लाणी मापाडी मोजायला लागला,
सवयीनं: लाभ, दोन, तीन…
कुणी हसलं. त्याचा ठेका तुटला नाही.
लोखंडेवहिनी यंत्र आणायला पळाल्या;
कपाटाला कुलूप,
किल्ली सुपरवायझरच्या खिशात,
सुपरवायझर जेवायला.
बाईंनी घड्याळ थांबवलं नाही.

माझी पाळी. डमीच्या छातीवर पिवळे तळवे उमटले.
गेल्या वैशाखात ऐवळे इथंच कोसळला, तेव्हा
आम्ही कांदा फोडून नाकाला लावला,
टॉवेलनं वारा घातला,
नऊ जण, गोल करून.

दोन मिनिटं झाली, बदला, बाई म्हणाल्या.
मी हात काढेना.

संध्याकाळी ते कुलूप कुणीतरी पान्यानं तोडलं.
कुणी, ते सुपरवायझरनंही विचारलं नाही.