सहावा फोटो

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
रत्नागिरीचे डॉक्टर दापोलीला येतात.
त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे सहा फोटो मांडले.
हसणारी बाई. रडणारा मुलगा.
चिडलेला, घाबरलेला, किळसलेला.
सहावा नुसताच माणूस,
रेशनकार्डाला काढतात तसा.

हसुराम, माझा धाकटा भाऊ.
हर्णैच्या पुळणीवर बारा वर्षं लिलाव पुकारायचा.
बैलगाड्या पाण्यातून टोपल्या ओढत आणायच्या
आणि हा व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचा,
अजून दोनशे आहेत याच्या खिशात.
भुवई हलायच्या आधी त्याला कळायचं.
पापलेटाचे कल्ले उचलून बघणारे खूप होते,
माणसांचे बघणारा हा एकटा.

हसणाऱ्या बाईला तो म्हणाला, दात.
रडणाऱ्या मुलाला, पाणी.
सहाव्यावर बोटच ठेवलं नाही,
तव्यावरून घ्यावा तसा हात मागे घेतला.
"ह्याचा माझ्यावर राग हाय.
ह्यानंच सांगितलान सगळ्यांना."

डॉक्टर मला समजावत होते:
मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो,
भीतीची राखण करतो.
याचा नको तिथं भुंकतो,
हवा तिथं झोपतो.
मी म्हटलं, काजूगराएवढा म्हणा, आमच्याकडे बदाम कुठले.
डॉक्टर हसले.
हसुराम त्यांच्या हसण्याकडे बघत राहिला,
जाळ्यात कधी न पाहिलेलं काही यावं तसा.

आई गेली त्या दुपारी त्यानं बांगडा मागितला.
मावशी म्हणाली, दगड झालाय मेला.
वाडीनं तेवढं एकच वाक्य जपून ठेवलंय.
आणि मीही तेव्हा
मान हलवली होती, हे कुणाला सांगत नाही.

तेराव्यानंतर एकदा पहाटे मागोमाग गेले.
ओहोटी होती. सुवर्णदुर्ग अजून अंधारात.
हा आईची मासळीची टोपली पाण्यात धरून
घासत होता. रिकामी. आतून, बाहेरून,
मग पुन्हा आतून.
चेहरा नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखा.
हात मात्र थरथरत होते.
गोळ्यांनी हात थरथरतात, असं डॉक्टर म्हणतात.
गोळ्यांनीच असेल.

तेव्हापासून मीच पुकारते.
एसटीत, विहिरीवर, ताट वाढताना:
हसुराम, हे हसू आहे.
हे दमलेलं तोंड, रागावलेलं नाही.
हे डोळ्यातलं पाणी कांद्याचं.
शेजारची रत्नप्रभा म्हणते, तूही त्याच्यासारखी बडबडायला लागलीस.
हसुराम ऐकतो, मान खाली घालून,
आकडे पाठ करावेत तसा.
कधी मी खोटंही पुकारते.
तेही तो धरून ठेवतो.

काल गप्प होते.
वहीत दुकानाची उधारी बघितली होती,
आणि काल आईची तारीख होती.
काही न पुकारता भाकरी थापत बसले.
तो दारात येऊन थांबला.
माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होता.
"आज पुकारलंस नाय."
मग बऱ्याच वेळानं,
पुळणीवरच्या त्या जुन्या, चढ्या आवाजात नाही,
अगदी हळू:
"किती?"

मी म्हटलं, थोडंच.

तो तिथंच उभा राहिला,
पाठ चौकटीला, डोळे चुलीत,
एक भाकरी करपेपर्यंत.